चिमन सिंग यांनी हात दिलेले दोघे

डिसेंबर उजाडला की मुंबईत नौदलाची आठवण हमखास निघते. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास गेटवेसमोरच्या पाण्यात उभ्या असलेल्या युद्धनौकांवरील दिव्यांच्या माळा पाहायला माणसे मुलाबाळांना घेऊन कुलाब्यापर्यंत जातात, १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर केलेल्या हल्ल्याची हकिगत पुन्हा छापून येते आणि ती वाचताना आजही ऊर भरून येतो. माझे मन मात्र त्या तारखेवर फार वेळ थांबत नाही. ते पुढे ९ आणि १० डिसेंबरकडे जाते. त्या युद्धातील जी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते ती बुडणाऱ्या माणसांना पाण्याबाहेर काढण्याची आहे, आणि ते काम ज्यांनी केले ते कोणी कॅप्टन किंवा कमांडर नव्हते. ते लीडिंग सीमन होते, म्हणजे लष्करातील नाईकाच्या बरोबरीचे. त्यांचे नाव चिमन सिंग.

त्या युद्धाच्या वेळी मी नऊ वर्षांची होते. गिरगावातील आमच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना खळीने काळे कागद चिकटवलेले होते, रस्त्यावरील मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळ्या रंगाने झाकलेला होता, आणि भोंगा झाला की आई आम्हा भावंडांना जिन्याखाली नेऊन बसवत असे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, नौदलाच्या गोदीत फिटर होते. लायन गेटमधून सकाळी आत गेलेले दादा त्या दिवसांत दुसऱ्या, कधी तिसऱ्या दिवशी घरी येत. एका सकाळी ते आले, चहाची कपबशी हातात घेऊन तसेच बसून राहिले, आणि आईने दोनदा विचारल्यावर एवढेच म्हणाले, "खुकरी गेली." कुठे गेली, असे मी विचारले तेव्हा आईने माझा हात धरून मला गॅलरीत नेले. चहावर साय धरलेली मला अजून दिसते.

आयएनएस खुकरी ही पाणबुड्यांचा माग काढणारी फ्रिगेट होती. पश्चिम ताफ्यातील असल्यामुळे मुंबईच्या गोदीतील कामगारांना ती घरच्यासारखी ओळखीची होती. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीचा टॉर्पेडो तिच्यावर आदळला आणि काही मिनिटांत ती पाण्याखाली गेली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, जमेल तेवढ्यांना पाण्यात उतरवले, स्वतःचे लाईफ जॅकेट एका नाविकाला दिले आणि स्वतः जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. ही हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे, आणि ती ठाऊक असायलाच हवी.

त्या रात्रीनंतर जेमतेम पंधरा-सोळा तासांनी, देशाच्या दुसऱ्या टोकापलीकडे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील म्हणजे आजच्या बांगलादेशातील खुलना शहराजवळच्या नदीत एका नाविकाने जे केले ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९७१ च्या वसंतात फ्रान्समधील तुलाँ बंदरात पाकिस्तानने विकत घेतलेली मांग्रो ही पाणबुडी उभी होती. पूर्व पाकिस्तानात काय चालले आहे याच्या बातम्या ऐकून तिच्यावरील काही बंगाली नाविक गुपचूप निघाले आणि त्यांतले आठ जण भारतात पोहोचले. पुढे पलाशीजवळ भागीरथीच्या काठी एक गुप्त तळ उभा राहिला. तिथे आपल्या नौदलाने बंगाली तरुणांना, ज्यांत शेतकऱ्यांची आणि कॉलेजात शिकणारी मुले पुष्कळ होती, काळोखात तासन्‌तास पोहायला आणि जहाजांच्या तळाला सुरुंग चिकटवायला शिकवले. ऑगस्टच्या मध्याला एकाच रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथल्या जहाजांवर त्यांनी हल्ले केले. या सगळ्या मोहिमेची सूत्रे कमांडर मोहन नारायण राव सामंत यांच्या हाती होती. ते मूळचे पाणबुडी दलातले, आयएनएस करंज या पाणबुडीचे पहिले कमांडर. निवृत्तीनंतर ते आपल्या मुंबईतच राहत होते.

डिसेंबरात उघड युद्ध सुरू झाल्यावर सामंत एक लहानसा ताफा घेऊन सुंदरबनातील खाड्यांतून मोंगला आणि खुलन्याकडे निघाले. त्यात पद्मा आणि पलाश या दोन गनबोटी होत्या. त्या मूळच्या कलकत्ता बंदराच्या साध्या बोटी. बोफोर्स तोफा बसवून त्यांना लढाऊ बनवले होते, आणि त्यांच्यावर भारतीय व बंगाली माणसे खांद्याला खांदा लावून काम करत होती. सोबत आयएनएस पनवेल होती, लेफ्टनंट कमांडर नरोन्हा यांच्या ताब्यातली. आपल्या पनवेलचे नाव ल्यालेली ती लहान बोट, जिचा खरा धर्म बंदराच्या तोंडाशी पहारा देण्याचा, ती शत्रूच्या ताब्यातील नद्यांतून आत घुसत होती. दादांना या गोष्टीचा विलक्षण अभिमान होता. एसटीने पनवेलवरून जाताना ते प्रत्येक वेळी ती सांगत.

१० डिसेंबरच्या सकाळी ताफा मोंगल्याला पोहोचला तेव्हा तिथल्या शत्रूला त्याची चाहूलही नव्हती. तिथले काम उरकून बोटी तशाच वर खुलन्याकडे निघाल्या. दुपारच्या सुमारास आकाशात विमाने दिसली. बोटी आपल्याच आहेत हे वरून ओळखता यावे म्हणून त्यांच्यावर पिवळी खूण केलेली होती. तरीही विमाने खाली झेपावली आणि पद्मा व पलाश पेटल्या. ती विमाने आपल्याच हवाई दलाची होती. युद्धाच्या धामधुमीत असे घडते, आणि त्याबद्दल पन्नास वर्षांनी कोणाकडे बोट दाखवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. पण हे लपवूनही चालणार नाही, कारण त्या दिवशी पाण्यात पडलेल्या माणसांवर काय प्रसंग गुदरला हे त्याशिवाय कळत नाही. वरून आपली विमाने, दोन्ही बाजूंना शत्रूचे काठ, आणि मध्ये नदी.

पलाशच्या इंजिनरूममध्ये मोहम्मद रुहुल अमीन नावाचे बंगाली आर्टिफिसर, म्हणजे इंजिनाचे तंत्रज्ञ, होते. बोट सोडा, असे सांगितले जात असताना ते आपले इंजिन वाचवण्यासाठी झगडत राहिले. जखमी होऊन कसेबसे काठाला लागले तेव्हा तिथे असलेल्या रझाकारांनी, म्हणजे पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या स्थानिक सशस्त्र टोळीने, त्यांना ठार केले. बांगलादेशाने त्यांना बीर श्रेष्ठ हा आपला सर्वोच्च सन्मान दिला आणि रूपसा नदीच्या काठावर त्यांची कबर आहे. त्यांचेही नाव आपल्याकडे घेतले जायला हवे.

त्याच नदीत, त्याच वेळी, चिमन सिंग होते. ते ज्या गनबोटीवर होते ती बुडताना स्फोटाने ते बाहेर फेकले गेले आणि अंगात स्फोटाचे तुकडे घुसले. काठावरील मोर्चांमधून पाण्यातल्या माणसांवर गोळ्यांचा मारा सुरू झाला होता. अशा वेळी पोहता येणारा माणूस काय करील? डोके शक्य तितके पाण्याखाली ठेवील आणि गोळ्या कमी येतात त्या दिशेला जाईल. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. चिमन सिंग यांना जवळच दोन माणसे दिसली. एक अधिकारी होता, जबर जखमी, आणि एक नाविक. दोघांनाही तरंगत राहणे जमत नव्हते. चिमन सिंग त्यांच्याकडे वळले. त्या दोघांना त्यांनी सावरले आणि गोळ्यांच्या वर्षावात काठाकडे नेले.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते किती अवघड आहे हे मला एका वेगळ्याच ठिकाणी कळले. मी सोळा वर्षांची असताना शिवाजी पार्कच्या तलावावर जीवरक्षणाचा अभ्यासक्रम केला होता. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते की, बुडणाऱ्या माणसाच्या समोरून कधीही जाऊ नका, कारण बुडणारा माणूस तुमच्या खांद्यावर चढायला बघतो आणि त्यात दोघेही जातात. मागून जायचे, हनुवटीखाली किंवा काखेत हात घालायचा, त्याचे तोंड आकाशाकडे ठेवायचे, स्वतः पाठीवर व्हायचे आणि एका हाताने व पायांनी पाणी मारत न्यायचे. परीक्षेच्या दिवशी माझ्या वाट्याला माझीच मैत्रीण आली. अंगाने माझ्यापेक्षा किरकोळ, बुडण्याचे नुसते सोंग करणारी, आणि तलावातले पाणी स्थिर. तरी पंचवीस मीटरांतले शेवटचे पाच-सात मीटर माझ्या नाकातोंडात पाणी जात होते. तिचे डोके पाण्यावर ठेवायचे तर माझे खाली जात होते. हा हिशेब काही केल्या चुकत नाही. हाताची पकड सुटू नये म्हणून मी तिच्या पोहण्याच्या पोशाखाचा खांद्याजवळचा पट्टा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांवर वळ होते.

आता स्थिर तलावाच्या जागी भरती-ओहोटीची ओढ असलेली नदी घ्या. एका माणसाच्या जागी दोन घ्या, त्यातला एक असा की ज्याचे हातपाय त्याच्या कामाचे राहिलेले नाहीत. वाचवणाऱ्याच्या अंगात धातूचे तुकडे आहेत आणि आजूबाजूच्या पाण्यात गोळ्या शिरत आहेत. मी वर्षानुवर्षे पोहत आले, पण इथे माझी कल्पनाशक्ती थांबते. जखमी माणसाला नुसते ‘धीर धर’ म्हणून चालत नाही, त्याला धरून ठेवावे लागते. आणि धरून ठेवणाऱ्याला डुबकी मारून गोळी चुकवता येत नाही. डुबकी मारायची तर हात सोडावा लागतो. चिमन सिंग यांनी हात सोडला नाही.

वरळी कोळीवाड्यातील एका म्हाताऱ्या तांडेलांशी मी एकदा याबद्दल बोलले होते. युद्धाचे त्यांना फारसे काही ठाऊक नव्हते, पण पाण्यातून माणूस काढण्याचे चांगलेच ठाऊक होते. भर समुद्रात कोणी पडलेला दिसला आणि आपले जाळे पाण्यात असले, तर बोट वळवण्यासाठी जाळे कापावे लागते, असे त्यांनी सांगितले; ते ओढून घेत बसायला तेवढा वेळ नसतो. त्यांनी स्वतः दोनदा कापले होते. किती रुपयांचे जाळे होते हे मी विचारले तर त्यांना आठवेना. वाचलेल्यांपैकी एकाच्या अंगात कोणत्या रंगाचा सदरा होता हे मात्र आठवत होते.

काठाला लागल्यावर चिमन सिंग यांनी जे केले त्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या ठिकाणी हकिगत सांगणारे बहुतेक जण घाई करतात. जखमी असूनही ते शत्रूवर तुटून पडले, असे एका दमात सांगून पुढे जातात. ते खरेच आहे, पण एवढेच सांगितले तर नदीतला चिमन सिंग वेगळा आणि काठावरचा वेगळा, आधी त्यांनी जीव वाचवले आणि मग शौर्य गाजवले, असा समज होतो. घडले ते असे: काठावर शत्रू होता आणि बरोबरचे दोघे निसटण्याइतका अवधी मिळणे कठीण होते. तेव्हा चिमन सिंग उघड्यावर आले आणि सरळ शत्रूच्या दिशेने धावले. सगळा मारा स्वतःवर घेतला. गोळ्या लागल्या तरी झुंजत राहिले आणि अखेर त्यांना पकडले गेले. तेवढ्या वेळात ते दोघे शत्रूच्या हाती न लागता निघून गेले. म्हणजे काठावरची ती धाव हा वाचवण्याच्याच कामाचा उरलेला भाग होता. नदीत त्यांनी दोघांना हातांनी धरले होते. काठावर धरून उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी त्यांच्यावरची नजर स्वतःकडे खेचून घेतली. माझ्या दृष्टीने नदीतल्या पहिल्या हातापासून अंगात गोळी लागेपर्यंत ती एकच कृती आहे, आणि त्यांना मिळालेल्या पदकाच्या मानपत्रातही या दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात.

इकडे नदीवर सामंतांनी पनवेल मागे नेली नाही. पाण्यातल्या लोकांना जमेल तसे वर घेतले आणि खुलन्यावरचा हल्लाही पार पाडला. चिमन सिंग शत्रूच्या कैदेत राहिले. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, बांगलादेश मुक्त झाला, आणि त्यानंतर ते भारतात परतले.

त्यांना महावीर चक्र मिळाले. परमवीर चक्राखालोखालचे हे युद्धातील पदक चांदीचे असते, त्यावर पाच टोकांची चांदणी असते आणि त्याची फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी असते. १९७१ च्या युद्धात नौदलातील आठ जणांना ते मिळाले. कॅप्टन मुल्ला, कॅप्टन स्वराज प्रकाश, कमांडर यादव, कमांडर गोपाळ राव, कमांडर सामंत, लेफ्टनंट कमांडर गुप्ता, लेफ्टनंट कमांडर नरोन्हा, आणि लीडिंग सीमन चिमन सिंग. सात अधिकारी आणि एक नाविक. नौदलात आजवर नाविकाला मिळालेले ते एकमेव महावीर चक्र आहे. आजच्या हरियाणातला, समुद्राचे वारेही न लागणाऱ्या मुलखातला हा तरुण तेव्हा सव्वीस वर्षांचा होता.

त्या यादीत मुल्ला आणि चिमन सिंग यांची नावे एकत्र आहेत याचे मला फार मोल वाटते. एकाच्या हाताखाली पूर्ण जहाज होते, दुसऱ्याच्या हाताखाली फार कोणी नव्हते. एकाने लाईफ जॅकेट काढून नाविकाला दिले, दुसऱ्याने, नाविकानेच, अधिकाऱ्याला पाण्याबाहेर काढले. एका रात्रीच्या आणि एका सकाळच्या अंतराने, एक अरबी समुद्रात आणि एक बंगालच्या नदीत. या दोघांना एकमेकांची गोष्ट कळण्याचा प्रश्नच नव्हता.

मुंबईत नाविकांची नावे जिथे खरोखर जपलेली आहेत अशी एक जागा मशीद बंदराजवळ आहे, इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि कबर न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक तिथे आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार नावांची यादीही. तिची दुसरी प्रत चितगावला असते. खलाशीपणासाठी कोकणातील किती गावे रिकामी झाली हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते आकडे वाचताना गलबलून येते. दादा मला एकदा तिथे घेऊन गेले होते. चपला बाहेर काढून ठेवायच्या का, असे त्यांनी दरवाजावरच्या माणसाला विचारले होते.

चिमन सिंग यांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते दादांच्याच तोंडून. १९७२ मध्ये पदकांच्या बातम्या आल्या तेव्हा गोदीत त्याची चर्चा झाली होती. घरी येऊन त्यांनी आईला सांगितले की, या खेपेला खालच्या माणसालाही महावीर चक्र आहे. ‘खालचा माणूस’ हे त्यांनी कमीपणाने म्हटले नव्हते. ते स्वतः आयुष्यभर जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली उतरून काम करत होते, आणि तिथल्या माणसाकडे कोणाचे लक्ष जात नाही हे त्यांना ठाऊक होते.

मार्च २०१९ मध्ये कॅप्टन सामंत मुंबईत वारले. दादा तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते, जवळजवळ त्यांच्याच वयाचे. डोळ्यांनी दिसेनासे झाले होते, म्हणून बातमी मी वाचून दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली. मग विचारले, "त्यात चिमन सिंगचं नाव आहे का गं?" नव्हते. बातमी सामंतांची होती, लहानशीच होती, त्यात नसणार हे उघड होते. तरी दादांनी ती कापून घ्यायला सांगितली आणि समासात नाव लिही म्हणाले. मी पेन्सिल घेतली आणि ‘चिमन सिंग’ लिहू लागले.

"तसं नको," दादा म्हणाले. "आधी लीडिंग सीमन लिही. मग नाव."

जागा थोडी होती, त्यामुळे हुद्दा वरच्या ओळीत आला आणि नाव खालच्या. ते कात्रण त्यांच्या पेन्शनच्या पुस्तकात घातले होते. दादा गेल्यानंतर मी ते तिथेच राहू दिले आहे.